पत्रेकाकांची ठेव

छप्पर ही वस्तू मनुष्याने वर पाहू नये म्हणूनच निर्माण झाली असावी, असे माझे नम्र मत आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो वर पाहतो आणि त्याला निदान तारे तरी दिसतात. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याला वर पाहिले की केवळ काळजी दिसते. मी कैक वर्षे वर पाहिले नव्हते. पाहिले ते डॉक्टरांनी सांगितले म्हणून.

तीर्थरूप पडद्यापलीकडे सदऱ्याची बटणे लावीत होते. एक बटण, मग खोकला, मग दुसरे बटण, अशी त्यांची रीत झाली होती. डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडाच्या काचेवर लावला आणि हलक्या आवाजात विचारले, "हे कामाला कुठे होते?"

"पत्र्याच्या कारखान्यात. सिमेंटचे पन्हळी पत्रे."

"अॅस्बेस्टॉसचे?"

"आम्ही सिमेंटचेच म्हणतो."

"सगळेच म्हणतात," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितले की, त्या पत्र्यात दगडाचे अतिशय बारीक तंतू असतात, ते श्वासाबरोबर आत जातात, पुन्हा बाहेर येत नाहीत, आणि कालांतराने फुप्फुस आतून घट्ट होत जाते. "घरात आहे का तो पत्रा?"

"मागच्या खोलीवर आहे. बाबा तिथेच झोपतात."

"धड आहे की भुगा पडतो?"

मला आमच्या घरातील एक दृश्य आठवले. तीर्थरूप दररोज सकाळी आपले पांघरूण अंगणात नेऊन फडाफडा झटकतात. त्यातून पिठासारखी करडी भुकटी उडते. आम्ही उभयतांनी ही त्यांची स्वच्छतेची आवड मानली होती आणि मी कित्येकदा तिचे चारचौघांत कौतुकही केले होते.

"छप्पर बदललं म्हणजे ते बरे होतील ना?" मी विचारले.

"बरे होणं हा शब्द आपण नको वापरायला. जे झालंय त्यात भर पडू नये, एवढंच आपल्या हातात आहे. पण फोडू नका, घासू नका, भोक पाडू नका. माहीतगार माणसांकडूनच काढून घ्या."

मी व्यवसायाने पुस्तकबांधणी करतो. शाळा मला लवकर सोडावी लागली. तरी ग्रंथांच्या पाठी शिवता शिवता त्यांच्या पोटात काय आहे हे मी वाचीत आलो आहे आणि म्हणूनच आधी विचार, नंतर कृती, हे तत्त्व मला मान्य आहे. त्याप्रमाणे मी घरी येईपर्यंत विचार केला. छप्पर उतरवणे ही मला त्यातली सोपी बाब वाटली. ते का उतरवायचे हे तीर्थरूपांना कळू न देणे, हीच खरी अवघड बाब होती.

याचे कारण सांगितले पाहिजे. कारखाना बंद झाला तेव्हा कामगारांना कोपरे उडालेले, तडा गेलेले पत्रे घेऊन जाण्याची मुभा मिळाली. इतरांनी आपापल्या घरापुरते नेले. तीर्थरूपांनी हातगाडीवरून, आणि हातगाडी मोडल्यावर खांद्यावरून, अख्ख्या गल्लीसाठी आणले. ज्याला जे हवे ते त्यांनी दिले. कोणाच्या न्हाणीवर, कोणाच्या जिन्यावर, कोणाच्या सरपणावर. इस्त्रीवाल्याला त्यांनी एक सपाट तुकडा दिला, तो त्याच्या टेबलाचा माथा झाला. तेव्हापासून त्यांचे नाव पत्रेकाका पडले. गल्लीत कसलाही समारंभ असो, पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची पत्रेकाकांची. दुसरे कोणतेही पद या मनुष्याने आयुष्यात भूषविले नाही.

अशा मनुष्याला जाऊन सांगायचे की, बाबा, तुम्ही जे वाटलेत ते विष होते? डॉक्टरी विद्येत ते बसत असेल, पुत्रधर्मात बसेना. छप्पर जाईल परंतु खुर्ची राहील, असा मी निश्चय केला. सौभाग्यवतीनेही त्याला संमती दिली. फक्त ती म्हणाली, "तुम्ही निश्चय केलात की मला धडकीच भरते."

मी तीर्थरूपांना सांगितले की, मागच्या खोलीवर स्लॅब टाकायचा विचार आहे.

"स्लॅब? आणि पत्र्याला काय धाड भरलीय?"

"जुना झालाय, बाबा."

"मी पण जुना झालोय. मलाही उतरवतोस का?" ते हसले, आणि ते हसणे नेहमीप्रमाणे खोकल्यात जाऊन संपले.

"तोवर पुढच्या खोलीत झोपा तुम्ही."

"मी माझ्या पत्र्याखाली झोपतो. अजून टिपूस गळालेला नाही त्यातून. तू झोप पुढे."

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीने शिडी लावली, वर चढून पत्र्यावर बोटाच्या गाठी वाजवल्या आणि वरूनच निकाल दिला, "हे काय काम आहे का? हातोड्याचे दोन ठोके टाकले की सगळा माल खाली."

तीर्थरूप खाली शिडी धरून उभे होते. "नीट फोड रे," ते म्हणाले, "धार लागते त्याची."

मी मिस्त्रीला घाईघाईने स्वयंपाकघरात नेले आणि डॉक्टरांचे नियम ऐकवले. फोडायचा नाही, घासायचा नाही, भोक पाडायचे नाही, धूळ उडू द्यायची नाही.

"मग काय त्याला विनंती करू, खाली ये म्हणून?"

तेव्हा मला कारण सांगणे भाग पडले. मिस्त्री ऐकत राहिला. त्याने आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले. "मी तर आयुष्यभर हेच फोडत आलोय," असे तो म्हणाला आणि मागच्या दाराने निघून गेला. तो पुन्हा आला नाही. त्याची शिडीही त्याने नेली नाही. ती अद्याप आमच्याकडे आहे, आणि ज्यांना शिडी हवी असते ते येऊन मलाच सुनावतात की मी ती वेळेवर देत नाही.

मार्गदर्शनाकरिता मी शेजारच्या मास्तरांकडे गेलो. मास्तर निवृत्त आहेत, परंतु ते केवळ पगारापुरते. शिकवणे त्यांनी सोडलेले नाही.

"रंग लावा," मास्तर म्हणाले. "दोन हात जाड रंग. दिसेनासं झालं की प्रश्न मिटला."

"पण मास्तर, भुगा पडतो."

"मग खालून कापड ताणा. म्हणजे भुगा कापडावर पडेल."

"आणि कापडाला भार झाला की?"

"झटकायचं!" मास्तर म्हणाले. एवढ्यात त्यांच्या ध्यानात आले असावे की मी त्यांच्याकडे पाहत नसून त्यांच्या डोक्यावर पाहत आहे. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो होतो, आणि जिन्यावर पत्रा होता. तीर्थरूपांनी दिलेला. त्याच्या कडेने पोपडे सुटले होते.

येथे माझ्या सदसद्विवेकबुद्धीने माझा घात केला. स्वतःच्या घरचा धोका जाणायचा आणि शेजाऱ्याच्या डोक्यावरचा तसाच ठेवायचा, हे मला पाप वाटले. मी मास्तरांना सर्व सांगितले. नंतर काकूंना सांगितले, ज्यांच्या न्हाणीवर पत्रा होता. नंतर घरोघर गेलो. प्रत्येकाला मी बजावले, "हात जोडतो, पण बाबांना यातलं अक्षरही कळता कामा नये." प्रत्येकाने मला वचन दिले. आणि आमच्या गल्लीची थोरवी अशी की, प्रत्येकाने ते अक्षरशः पाळले. तीर्थरूपांना कोणी चकार शब्दाने काही बोलले नाही.

सर्वांनी फक्त पत्रे परत आणून दिले.

प्रथम काकू आल्या. मागे दोघे हमाल, त्यांच्या डोक्यावर न्हाणीचा पत्रा. "काका, आम्ही न्हाणी आत घेतली. आता हा कशाला लागतोय आम्हाला? तुमची वस्तू तुमच्याकडे."

"अहो, राहू द्या की," तीर्थरूप म्हणाले. "सरपण झाकायला होईल."

"नको नको!" काकू इतक्या जोरात म्हणाल्या की हमालही थांबले. "म्हणजे, सरपण तरी कुठे राहिलं काका आता."

मी काकूंना फाटकापाशी गाठले. "अहो, इथे का आणलात?"

"मग कुठे टाकू? रस्त्यावर टाकला तर लोक शिव्या देतील. आणि आला तर तुमच्याच घरून होता ना?"

मास्तरांनी जातीने येऊन जिन्याचा पत्रा पोचवला. मी तक्रार करताच ते म्हणाले, "दिलेलं दान परत करता येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून आम्ही ती ठेव समजतो. ठेव परत करता येते."

पत्रे येत राहिले. कोणी गोणपाटात गुंडाळून आणला, कोणी फरफटत आणला आणि वाटेत त्याचे तुकडे झाले, ते वेगळ्या टोपलीतून आणून दिले. अंगणात आधी एक थप्पी झाली, मग भिंत झाली, मग नळाकडे जायला वाट उरली नाही. आणणारा प्रत्येक जण तीर्थरूपांची प्रकृती विचारी, त्यांचा आदर राखी आणि तोंडावर रुमाल धरून निघून जाई. सौभाग्यवतीने उंबऱ्यात उभी राहून त्या सर्व ऐश्वर्याकडे पाहिले आणि मला विचारले, "अहो, आपण एका खोलीचे पत्रे काढायला निघालो होतो ना?"

मी पत्रे मोजायला घेतले. विद्वानांनाही काही प्रश्नांपुढे आकडेमोडीचा आश्रय घ्यावा लागतो.

तीर्थरूप अंगणातील खुर्चीवर बसून प्रत्येक पत्रा ओळखीत होते. "हा काकूंचा, तिरका कापलेला. हा मास्तरांचा, याचा कोपरा मीच घासला होता." प्रथम त्यांना मौज वाटली. पुढे त्यांचे बोलणे कमी कमी होत गेले. "सगळ्यांनाच एकदम स्लॅब झाले?" त्यांनी एकदा विचारले. मी म्हटले, काळ बदलला आहे.

सर्वांत शेवटी इस्त्रीवाला आला. दुपारी त्याच्या टपरीशी बसून गप्पा मारणे हा तीर्थरूपांचा रोजचा परिपाठ. त्याने टेबलाचा तो सपाट माथा छातीशी धरून आणला होता. इस्त्रीच्या बुडाचा काळसर ठसा त्यावर उमटलेला होता. तो पत्रा त्याने भिंतीशी टेकवला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"तू पण?" तीर्थरूप म्हणाले.

"लाकडाचं टेबल केलंय, काका."

"लाकूड जळेल की रे."

"जळू दे, काका."

त्या संध्याकाळी तीर्थरूप जेवले नाहीत. सकाळी पाहतो तो ते हातात कोरडा खराटा घेऊन पत्र्यांच्या थप्पीपाशी उभे. म्हणाले, "लोकांनी टाकले तर टाकले. माझा माल मी असा मळका पडू देणार नाही."

मी धावलो आणि खराटा हिसकावला. या प्रसंगी पुत्राने पित्याच्या हातून वस्तू हिसकावणे कितपत योग्य, याचा विचार मला नंतर सुचला. "झाडू नका बाबा! धूळ उडते!"

तीर्थरूपांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, काहीतरी जुने आठवल्यासारखे. "मग पाणी मार," ते म्हणाले. "आधी ओलं करून घ्यायचं. मोठे साहेब पाहणीला यायचे ना, तेव्हा आम्ही सगळी जमीन, सगळे पत्रे ओले करून ठेवायचो. एक कण उडायचा नाही."

"आणि एरवी?"

"एरवी कशाला? एरवी आम्हीच असायचो."

मी स्वयंपाकघरातून पाणी आणायला गेलो. बादली भरून वाहू लागली तरी मी नळ बंद केला नाही, असे सौभाग्यवती सांगते.

त्याच दिवशी मी कामावर खाडा केला आणि पालिकेत गेलो. तेथे दोन खिडक्या आहेत. पहिल्या खिडकीतले कारकून म्हणाले, "हा घातक कचरा. आमची गाडी नेणार नाही. पलीकडे जा." पलीकडचे कारकून चहा पीत होते. ते म्हणाले, "घातक असला तरी घरगुती आहे. आम्ही फक्त कारखान्यांचं बघतो."

"साहेब, तो कारखान्याचाच आहे."

"मग कारखान्याला येऊ दे."

"कारखाना बंद पडला."

"बंद पडलेल्या कारखान्याला कचरा नसतो," कारकून म्हणाले. वाक्य इतके बांधीव होते की माझ्यासारख्या वाचकाला क्षणभर त्याचा आदरच वाटला.

मी निराश होऊन वर पाहिले. अलीकडे ही मला सवयच लागली आहे. कचेरीच्या त्या भागावर पन्हळी पत्रे होते. पंखा टांगण्याकरिता त्यांना भोके पाडलेली होती, आणि एका पत्र्यावर कारखान्याचा गोल शिक्का अजून वाचता येत होता.

"साहेब," मी म्हणालो, "हे सगळे पत्रे त्याच कारखान्याचे आहेत."

"कुठले?"

"आपल्या चहावरचे."

कारकुनांनी वर पाहिले. मग कपात पाहिले. मग त्यांनी कप दूर सारला, खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली आणि अत्यंत नम्रपणे, पहिल्यांदाच मला अहो-जाहो करून, विचारले, "तुमच्याकडे तशीही थप्पी झालीच आहे म्हणता. आमचेही तिथे ठेवता येतील का?"

मी नकार दिला. आयुष्यात मी सरकारला दिलेला हा एकमेव नकार. परंतु त्यानंतर मात्र चक्रे अशी फिरली की, आठवडा सरण्यापूर्वी कचेरीचे पत्रे उतरवण्यास माहीतगार माणसे आली, आणि कारकुनांच्या कृपेने परतताना त्यांची गाडी आमच्या फाटकाशी थांबली.

ती माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात होती. तोंडावर जाड मुखवटे, हातांत मोजे, पायांत रबरी बूट. त्यांनी आल्याबरोबर थप्पीभोवती लाल पट्टी बांधली. गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. काचांमागे चेहरे मात्र दिसत होते. मी तीर्थरूपांना आत नेण्याची शिकस्त केली. ते आपल्या खुर्चीवरून हलले नाहीत.

पांढऱ्या माणसांनी पत्र्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारला. मग दोघांनी मिळून एकेक पत्रा उचलला, तान्ह्या मुलाला उचलावे तसा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि वर धोक्याची खूण डकवली. काकूंचा गेला. मास्तरांचा गेला. तुकड्यांची टोपली पिशवीसकट दुसऱ्या पिशवीत गेली. इस्त्रीवाल्याचा तुकडा एकाने उचलला तेव्हा तीर्थरूप खुर्चीत किंचित पुढे झुकले. हेच पत्रे त्यांनी उघड्या अंगाने खांद्यावरून आणले होते. रात्री घरी आले की आई त्यांचा सदरा अंगणात झटकीत असे. मी ते पाहत होतो आणि मला दिसत होते की तेही तेच पाहत आहेत.

एक पांढरा माणूस लाल पट्टीपाशी आला. मुखवट्यातून त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. "आजोबा, लांब व्हा. छातीत जाईल."

तीर्थरूप त्याच्याकडे पाहून हसले. मोठ्याने हसले. कितीतरी महिन्यांत ते तसे हसले नव्हते. मग खोकला आला आणि तो लवकर थांबला नाही. मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. अखेर श्वास सापडला तेव्हा ते म्हणाले, "नाही रे बाबा. तिथे जागा नाही आता."

मी डॉक्टरांनी सांगितलेले जे पोटात इतके दिवस शिवून ठेवले होते, ते आता शिवून ठेवण्यात काही हशील नाही, हे मला कळले. मी काही बोलणार तोच त्यांनी माझा हात दाबला. दाबणे असे होते की, राहू दे.

सर्व थप्पी गाडीत चढली. अंगण स्वच्छ झाले. मी मुकादमाला मागच्या खोलीच्या छपराकडे बोट दाखवून म्हटले, "आणि ते? शिडीसुद्धा तयार आहे."

"ते आमच्याकडे नाही," मुकादम म्हणाला. "खाली पडलेला तो कचरा. वर बसलेलं ते बांधकाम. त्याचं खातं वेगळं."

"पण हे सगळं त्याच छपरासाठी चाललं होतं!"

"वरचं काढायला माणसं यायची झाली तर वरून हुकूम लागतो. कचेरीचा होता, तुमचा नाही," तो म्हणाला, आणि गाडी गेली. अशा रीतीने आमच्या प्रयत्नांनी गल्लीतील प्रत्येक घर त्या पत्र्यापासून मुक्त झाले. एक आमचे तेवढे राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी मी न सांगता तीर्थरूप उठले, उशी उचलली, पुढच्या खोलीत गेले आणि माझ्या कॉटवर आडवे झाले. एका शब्दाने वाद घातला नाही. त्यांनी थोडा वाद घालावा असे मला फार वाटत होते. मागच्या खोलीला आम्ही कुलूप लावले आणि दाराच्या फटीत ओल्या चिंध्या कोंबल्या. आम्ही उभयता स्वयंपाकघरात निजतो. माझे पाय चुलीकडे जातात की कपाटाकडे, यावर अद्याप एकमत झालेले नाही. हुकूम त्या वेगळ्या खात्यात आहे, असे मला पालिकेच्या प्रत्येक खेपेला कळते.

खुर्ची मात्र राहिली. मागल्या आठवड्यात मास्तरांचा सत्कार झाला तेव्हा पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची रिकामी ठेवलेली होती. इस्त्रीवाला तीर्थरूपांना हाताला धरून न्यायला आला. ते त्याला म्हणाले, आज नको, दम लागतो. तो तिथेच त्यांच्या कॉटपाशी जमिनीवर बसला. समारंभ संपेपर्यंत बसून होता. त्याचे नवे टेबल कोपऱ्यात जळाले आहे, असे त्याने सांगितले नाही. मी ते टपरीवरून जाताना पाहिले होते.

काल दुपारी पावसाची एक जोराची सर येऊन गेली. तीर्थरूप भिंतीचा आधार घेत मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि कुलपाला हात लावून उभे राहिले. मी मागे धावलो.

"उघडू नका, बाबा."

"उघडत नाही," ते म्हणाले. दाराला कान लावून त्यांनी थोडा वेळ ऐकले. "गळतंय का?"

मी वाकून दाराखालच्या चिंधीचे टोक जरासे सारून पाहिले. आतली फरशी कोरडी होती.

"नाही, बाबा."

"गळणार नाही," ते म्हणाले, आणि श्वास गोळा करीत परत फिरले.